टाकीतला ऊस, बसमधला गॅस आणि एकलहऱ्याची चिमणी

गेल्या महिन्यात माझी स्कूटर पाथर्डी फाट्याजवळच्या एका गॅरेजात उभी होती. २०१६ची गाडी. पूर्वी लिटरला पंचेचाळीस द्यायची, आता अडतिसावर आलेली, आणि त्यात पेट्रोलचा वास. गॅरेजवाल्या भाऊंनी सीट उचलून एक रबरी पाइप ओढून काढला आणि दोन बोटांत दाबून दाखवला. सादळलेल्या चकलीसारखा मऊ पडला होता. "मॅडम, हे सगळं त्या ट्वेंटीचं काम. पेट्रोलमध्ये दारू मिसळतात, ती पाइप खाते. अ‍ॅव्हरेज पण तिनंच खाल्लं." शेजारी बुलेट घेऊन उभे असलेले काका लगेच म्हणाले, "म्हणून मी सांगतो ताई, इलेक्ट्रिक घ्या." पंक्चर काढायला थांबलेल्या रिक्षावाल्याचं म्हणणं, "इलेक्ट्रिक कशाला? वीज काय हवेतून येते? सीएनजी घ्या, स्वच्छ."

तिघंही थोडे थोडे बरोबर होते. बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यावर अशा ठिकाणी गप्प बसणं मला जमत नाही, पण तिथं खडूही नव्हता आणि फळाही. म्हणून हा लेख.

आधी जळणं म्हणजे काय ते बघू, निम्मा गोंधळ तिथंच आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र भरतो २.३ किलो. वर्गात हा आकडा सांगितला की मागच्या बाकावरची मुलं तासात पहिल्यांदा मान वर करायची. पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघेल कसा? तर पेट्रोलमधल्या कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. कार्बनचं वजन १२ धरलं, तर त्या दोन ऑक्सिजनचं ३२. म्हणजे धुरातलं बरंचसं वजन आपण पंपावर विकत घेतलेलं नसतंच, ते वाटेत हवेतून गोळा होतं. डिझेलचा हिशेब लिटरला २.७ किलो. पीयूसीच्या कागदावर हा आकडा शोधू नका. पेट्रोल गाडीची पीयूसी करताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात, कार्बन डायऑक्साइड नाही. पीयूसी पास झाली म्हणजे इंजिन नीट जळतंय, एवढाच त्याचा अर्थ.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हा कार्बन मुळात आला कुठून?

समजा एक गाव आहे. गावात पैसा फिरतो. पगार आला, वाण्याला गेला, वाण्याकडून शेतकऱ्याला, शेतकऱ्याकडून परत कुणाच्या मजुरीला. गावातली एकूण रोकड तेवढीच राहते. आता कुणाला तरी अंगणात पणज्यांनी पुरलेले मोहरांचे हंडे सापडले आणि तो ते रोज एकेक फोडून बाजारात उधळायला लागला, तर? गावात पैसा तुंबेल, भाव चढतील, आणि घडी विस्कटेल. ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो. त्याचं इंधन करून जाळलं की तोच कार्बन परत हवेत जातो. हा फिरता पैसा. पेट्रोल, डिझेल, कोळसा म्हणजे पुरलेले हंडे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गेलेला कार्बन आपण दीडशे-दोनशे वर्षांत उकरून हवेत टाकतोय. तो परत पुरायची सोय निसर्गाकडे आहे, पण तिचा वेग आपल्या पतवंडांच्याही उपयोगाचा नाही.

म्हणून कुठल्याही इंधनाला माझा पहिला प्रश्न हाच असतो: यातला कार्बन फिरता की पुरलेला? दुसराही एक प्रश्न आहे, तो बस स्टॉपवर पोचल्यावर विचारते.

द्राक्षं आणि ऊस

नाशिककरांना इथेनॉल समजावणं सोपं आहे. आपल्याकडे गंगापूर धरणाच्या काठापासून दिंडोरीपर्यंत वायनरी आहेत, पाहुणे आले की आपण त्यांना तिकडे फिरवून आणतो. द्राक्षाच्या रसात यीस्ट साखर खातं आणि इथेनॉल सोडतं. साधारण तेरा-चौदा टक्क्यांवर गेलं की यीस्टला स्वतःचीच करणी सोसवत नाही आणि काम थांबतं. वाइन तिथं तयार होते. इंधनाला एवढ्यावर भागत नाही. तो पातळ द्राव उकळून वाफ थंड करायची, परत उकळायची. पण कितीही उकळलं तरी ९५ टक्क्यांच्या आसपास गाडी अडते, कारण उरलेलं पाणी इथेनॉलचा हात सोडत नाही. दोघांची वाफ एकाच प्रमाणात निघायला लागते. मग अशा खनिजाच्या गोळ्या वापरतात ज्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो आणि इथेनॉलचा मावत नाही. रेणूंची चाळणच म्हणा. त्यातून निघालेलं ९९ टक्क्यांवरचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं. गॅरेजवाले भाऊ 'दारू' म्हणाले ते रसायनशास्त्राला धरूनच होतं. फक्त ती कुणी पिऊ नये म्हणून तिची चव मुद्दाम बिघडवलेली असते.

देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला. २० टक्क्यांचं, म्हणजे ई२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. पुढच्या दोन-अडीच वर्षांत ते नेहमीचंच झालं.

आता अ‍ॅव्हरेजचा हिशेब. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के इथेनॉल म्हणजे ०.८ गुणिले ३२ अधिक ०.२ गुणिले २१, उत्तर २९.८. शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के कमी. पंचेचाळीसचे सात टक्के म्हणजे तीन. तेव्हा माझी स्कूटर बेचाळिसावर आली असती तर मी दोष इथेनॉलला दिला असता. ती अडतिसावर आली होती. उरलेले चार किलोमीटर कुणी खाल्ले, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

पाइपाचं मात्र भाऊंचं निदान पटण्यासारखं होतं. इथेनॉल काही जातींच्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. एप्रिल २०२३ नंतर निघालेल्या गाड्यांत ई२०ला टिकणारे भाग बसवलेले असतात, जुन्यांत ते असतीलच असं नाही. शिवाय इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. जुनी गाडी पावसाळ्यात दोन-तीन महिने टाकी तशीच ठेवून उभी केली, तर ते हवेतली ओल पीत राहतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, नेमके तिथं जिथून इंजिन ओढतं. उपाय साधे आहेत: पाइप आणि वॉशर बदलून घ्यायचे, गाडी चालती ठेवायची. शंभर-दोनशे रुपयांच्या पाइपासाठी गाडी भंगारात काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. इथेनॉल फिरत्या कार्बनातलं असलं तरी त्याच्या मागे पाणी किती लागतं? नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं असा आकडा आहे. ई२०च्या एका लिटरात इथेनॉल २०० मिली, म्हणजे ते उसाचं असेल तर ५७० लिटर पाणी. आपल्या गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीएवढं पाणी, आणि वर थोडं. पाच लिटर भरून आलात की अशा साडेपाच टाक्या रिकाम्या. ज्या जिल्ह्यात पावसाळा सरला की जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावरून दरवर्षी वाद पेटतात, तिथं हा आकडा पंपावर लिहायला हवा असं मला वाटतं. अर्थात कुणी लिहिणार नाही.

पण ऊस म्हणजे सगळा एक नव्हे. साखर काढून काढून शेवटी जी काळी मळी उरते, तिच्यापासून इथेनॉल केलं तर वेगळं पाणी लागलेलं नसतं. ऊस साखरेसाठी पिकलेलाच होता. सरळ रसापासून केलं तर गणित बदलतं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, पुढच्या वर्षी ती उठवली. मधल्या काळात सगळ्यांची नजर मक्याकडे वळली. येवला, चांदवड, मालेगाव भागातला शेतकरी खरिपात मका घेतो, बराचसा पावसाच्या भरवशावर. एक टन मक्यातून ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, शिवाय पेंडीसारखा चोथा उरतो, तो जनावरं खातात. पाण्याच्या दृष्टीनं हे उसापेक्षा बरं. पण मका हे कोंबड्यांचंही मुख्य खाद्य. त्याचा भाव चढला की शेतकरी खूश आणि पोल्ट्रीवाला चिंतेत. माझं मत विचाराल तर मळीपासूनच्या इथेनॉलला डोळे मिटून हो, मक्याला बघून हो, आणि दुष्काळाच्या वर्षी उसाच्या रसाला नाही.

खत प्रकल्पाचा वास

रिक्षावाल्याच्या सीएनजीकडे येऊ. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, दाबून भरलेला. दाब किती, तर सुमारे २०० बार. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्याच्या जवळजवळ शंभर पट. म्हणूनच सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची पाण्याच्या दाबाची चाचणी कागदोपत्री उरकायची नसते.

मिथेनच्या एका रेणूत कार्बनचा एकच अणू आणि हायड्रोजनचे चार. हायड्रोजन जळला की पाणी होतं. त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेसाठी पेट्रोलपेक्षा सुमारे पाव भाग कमी कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि डिझेलसारखी काजळी जवळजवळ नाही. जुलै २०२१ मध्ये नाशिकची सिटीलिंक सुरू झाली तेव्हा बहुतेक बसगाड्या सीएनजीच्याच घेतल्या. द्वारकेच्या सिग्नलला स्कूटरवर बसच्या मागे उभं राहणाऱ्याला जुन्या काळ्या धुरातला आणि हल्लीच्या बसमधला फरक नाकानंच कळतो.

पण पहिला प्रश्न विचारा: हा कार्बन पुरलेलाच. जमिनीखालून काढलेला. हंडा जरा हलका आहे, एवढंच. आणि एक खोडी अशी की हा गॅस न जळता निसटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास अठ्ठावीस पट उष्णता अडकवतो.

मात्र हाच मिथेन फिरत्या कार्बनातूनही मिळतो, आणि त्याचा पत्ता नाशिककरांना नीट माहीत आहे. पाथर्डी-विल्होळी बाजूच्या खत प्रकल्पाजवळून वारा आला की आपण नाकाला रुमाल लावतो, तिथं. ओला कचरा ढिगात दाबला गेला की आत हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू तो खातात आणि मिथेन सोडतात. शेणाच्या गोबरगॅसमध्ये हेच होतं. फरक एवढाच की गोबरगॅसचा मिथेन आपण पकडून चुलीत जाळतो आणि ढिगाचा मिथेन आकाशात जातो, अठ्ठावीस पट होऊन. विल्होळीला २०१७ मध्ये जर्मन सरकारच्या मदतीनं एक प्रकल्प उभा राहिला. हॉटेलांतलं उरलेलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवायचा, त्या गॅसवर वीज करायची. कल्पना ऐकून आमच्या घरात जेवताना विषय बदला म्हणाले होते, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ती सुंदर आहे. नुसत्या मैल्यात जिवाणूंना पुरेसं खाणं नसतं. त्यात अन्न घातलं की भट्टी जमते.

अशा बायोगॅसमध्ये साधारण साठ टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो धुऊन काढला आणि मिथेन नव्वदीपार नेला की झाला बायो-सीएनजी. बसला त्यातला आणि खाणीतल्या गॅसमधला फरक कळत नाही. केंद्राची 'सतत' योजना यासाठीच ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. इंदूरचा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून १७ टन गॅस करण्याच्या क्षमतेचा आहे, म्हणजे टनाला एकतीस किलो. हा आकडा मी आमच्या सोसायटीला लावून बघितला. शंभर फ्लॅट, घरटी रोज किलोभर ओला कचरा धरला तर शंभर किलो. त्यातून तीन किलो गॅस. शहरातली बस किलोला तीनेक किलोमीटर जाते. म्हणजे आमची एका दिवसाची भाजीची देठं, केळीची सालं आणि शिळा भात मिळून एक बस नाशिकरोडपासून सीबीएस बसस्थानकापर्यंत नेतील. तेव्हापासून मी शेजारणींना ओल्या-सुक्याबद्दल उपदेश करणं सोडलं. हा एक हिशेब लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहिला, त्याचाच जास्त परिणाम झाला.

अट एकच. ओल्यात प्लास्टिकची पिशवी गेली की यंत्राच्या पात्यांत गुंडाळते आणि काम थांबतं. घंटागाडीत पिशवीसकट टाकू नका, पिशवी रिकामी करून टाका.

मिसळवाले आणि वडापाववाले वाचत असतील तर त्यांच्यासाठीही एक गोष्ट. वारंवार तापलेल्या तेलात जी घाण साचते ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यात वापरायला अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदी आहे. ते गटारात न ओतता जमा केलं तर त्याचं बायोडिझेल होतं: तेलाला मेथॅनॉल आणि थोडा अल्कली, खाली ग्लिसरीन बसतं, वर इंधन तरंगतं. तर्रीसारखंच, फक्त ही तर्री ट्रकला.

वीज काय हवेतून येते?

रिक्षावाल्याचा हा टोमणा मला मनापासून आवडला, कारण उत्तर देण्याजोगा आहे. वीज हवेतून येत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडहून दिसतातच. तिथं २१० मेगावॉटचे तीन संच, एकूण ६३०, कोळशावर. तुमच्या घरातली वीज नेमकी तिथलीच असते असं नाही, सगळ्या देशाची वीज एकाच जाळ्यात मिसळते. पण त्या जाळ्यातही निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशाचीच आहे. एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

तर मग इलेक्ट्रिक स्कूटर म्हणजे धूर नुसता एकलहऱ्याला ढकलणं? थोडं मोजूया. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाते. चार्जरमधली गळती धरून किलोमीटरला पंचवीस ग्रॅम. पेट्रोल स्कूटर पंचेचाळीसच्या अ‍ॅव्हरेजनं २.३ किलो भागिले पंचेचाळीस, एक्कावन्न ग्रॅम. म्हणजे आजच्या काळ्याकुट्ट विजेवरसुद्धा निम्मं. कारण शहरात थांबत-थांबत चालणारं छोटं इंजिन शंभरातली पंधरा-वीस टक्केच ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं, बाकीची सायलेन्सर तापवण्यात आणि सिग्नलला फुरफुरण्यात जाते. मोटर सिग्नलला गप्प उभी असते. शिवाय जाळ्यात सौर वीज वाढत जाईल तसा हा पंचवीसचा आकडा खाली येईल. पेट्रोल स्कूटरचा एक्कावन्न म्हातारपणी वाढतच जातो. खर्चही बघा: युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला चाळीस पैशांच्या आत, आणि पेट्रोल दोन रुपयांच्या वर.

बॅटरी करताना धूर होतोच, तो लपवायचा नाही. तीन युनिटच्या बॅटरीमागे ढोबळ अडीचशे किलो धरा. किलोमीटरला सव्वीस ग्रॅम वाचतात, म्हणजे दहा हजार किलोमीटरला ते कर्ज फिटतं. रोज वीस किलोमीटर फिरणाऱ्याचं दीड वर्षात. आमच्यासारखी, आठवड्यातून दोनदा देवळात आणि एकदा बँकेत जाणारी माणसं ते कर्ज फेडायला आयुष्यभर लागतील. बुलेटवाल्या काकांचा सल्ला म्हणून मला लागू नव्हता. त्यांना स्वतःला होता, ते रोज सातपूर एमआयडीसीत जातात.

हायड्रोजनबद्दल हल्ली फार विचारतात. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच बनतो, तेव्हा आपल्या स्कूटरच्या चर्चेत त्याला अजून खुर्ची नको.

दुसरा प्रश्न

दुसरा प्रश्न असा: गाडी कुणाचं वजन वाहतेय?

कॉलेज रोडला संध्याकाळी उभं राहून बघा. बाराशे किलोचं लोखंड, आत सत्तर किलोचा एक माणूस, निघालाय कॉफी प्यायला. शहरात लिटरला बारा धरले तर किलोमीटरला १९० ग्रॅम, सगळे त्याच्या एकट्याच्या नावावर. त्यानं इलेक्ट्रिक कार घेतली तरी शंभर-सव्वाशे ग्रॅम आहेतच. आता एक जुनी, खडखडणारी डिझेल बस घ्या, लिटरला चार किलोमीटर जाणारी. किलोमीटरला पावणेसातशे ग्रॅम. भयंकर वाटतं ना? आत चाळीस माणसं बसवा. माणशी सतरा. इलेक्ट्रिक स्कूटरवर एकट्यानं जाण्यापेक्षा कमी! सीबीएस ते नाशिकरोड शेअर रिक्षात तीन जणांत बसून जाणाराही पंचविसाच्या घरात येतो, भले मागचा प्रवासी मांडीवर बसल्यासारखा बसो. आणि ती बस रात्री साडेनऊला पाच माणसं घेऊन धावली, तर माणशी एकशे पस्तीस, कारच्या वाटेवर. त्यामुळे 'बस म्हणजे हिरवी' हेही आंधळेपणानं म्हणता येत नाही. भरलेली बस हिरवी.

पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबईला जाणारे लोक स्वतःला पर्यावरणवादी म्हणवत नाहीत, पण शेकडो माणसं एका विजेच्या इंजिनामागे नेणाऱ्या त्या गाडीसमोर घाटातल्या कारची काहीच शोभा नाही. कसारा घाटात तर ब्रिटिशांच्या काळातच विजेची इंजिनं आली.

सायकलचा हिशेब करायची गरजच नाही. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली, जवळपास ४,८०० किलोमीटर. आपल्याला कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जायचं असतं. गंमत म्हणजे सगळ्यात घाण किलोमीटर तोच असतो. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, आणि सायलेन्सरमधला विषारी वायू निवळवणारा भाग अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तो तापायच्या आत आपण दुधाची पिशवी घेऊन परत आलेलो असतो.

हा हिशेब घरात शिरला की मजा येते. वीस लिटरची एक बादली पाणी वीस अंशांवरून बेचाळीसवर न्यायला अर्धं युनिट लागतं. नाशिकच्या डिसेंबरात चौघांच्या चार बादल्या म्हणजे दोन युनिट. त्यात इलेक्ट्रिक स्कूटर साठ किलोमीटर गेली असती, त्र्यंबकला जाऊन परत. रस्त्यावर जे वाचवलं ते गीझरनं एका सकाळी गिळलं. म्हणून गच्चीवरच्या सोलर हीटरला मी इलेक्ट्रिक गाडीच्या आधी नंबर देते. सौर वीज बसवायची असेल तर एका किलोवॉटचे दिवसाला चारेक युनिट मिळतात. २०२४ला सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. कापडी पिशवी जरूर वापरा. तिनं गोदेचं आणि नाल्यांचं भलं होतं, हवेतल्या कार्बनचं फारसं नाही. पिशवी खांद्याला लावून कारनं एकटं भाजीला जाणं म्हणजे उपवासाच्या दिवशी साबुदाणा वडे.

हे सगळं त्या गॅरेजात सांगून झालं नव्हतं, अर्धंच झालं होतं. तोवर भाऊंनी नवा पाइप बसवला, एअर फिल्टर काढून झटकला. राखाडी पिठी उडाली. मग चाकांकडे वळले, हवेची नळी लावली आणि काटा बघत माझ्याकडे न वळताच म्हणाले, "मॅडम, तुमच्या उसाचं नंतर बघू. मागच्या टायरमध्ये अठराच आहे. एकोणतीस पाहिजे."